झोपबाजारवाले काका

मला लिहिण्याची सवय नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मी चढलो तोही विज्ञानशाखेत. प्रयोगाची निरीक्षणं लिहिण्यापलीकडे माझा हात कधी चालला नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते स्वतः लेखक होते आणि माझी चार वाक्यं जरी त्यांच्यासमोर ठेवली असती तरी त्यातली तीन त्यांनी खोडली असती. तेव्हा हे लिहिणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. लिहितो ते एवढ्याचसाठी की दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. आणि एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. अख्ख्या पुण्यात लहान मुलांना घाबरवण्याचं काम त्यांच्याइतक्या कळकळीने आणि त्यांच्याइतक्या प्रामाणिकपणे कुणीही केलं नसेल.

ते माझे घरमालक. नारायण पेठेत वाडा पाडून बांधलेल्या एका तीन मजली इमारतीत त्यांचा फ्लॅट होता आणि त्यातल्या पुढच्या खोलीत दोन कॉट भाड्याने दिलेल्या असत. खोली नाही, कॉट. पुण्यात याला कॉट बेसिस म्हणतात, हे मला वाशीम सोडून पुण्यात आल्यावर समजलं. त्या दिवसांत मी पेठांमधून बराच हिंडलो होतो. बहुतेक ठिकाणी आधी गाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि आडनाव सांगितलं की कॉट कालच गेल्याचं त्यांच्या लक्षात येई. कुणी वाईट बोललं नाही. एका बाईंनी तर पाणीही विचारलं. पण असं चारपाच वेळा झाल्यावर माणूस जिना चढतानाच आडनाव मनात घोळवायला लागतो. काकांनी दार उघडलं तेव्हाही मी तयारीतच होतो. त्यांनी आडनाव विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा. मी गोष्ट सांगतो. आपण फक्त हुंकार द्यायचा."

मला वाटलं पुण्याची काही रीत असेल. काकांनी सुरुवात केली, "आटपाट नगर होतं. त्याला एक बायपास होता." गोष्ट ऐकताना आमच्या गावी जे म्हणतात तेच माझ्या तोंडून निघालं. मी म्हणालो, "मंग?" काका थांबले. पुण्यात आल्यापासून मी शब्द चाळून बोलत होतो, आणि नेमका इथे घसरलो. कॉट गेली असं समजून मी पिशवी उचलली. तर काका म्हणाले, "काय म्हणालात? परत म्हणा." मी परत "मंग" म्हणालो. त्यांनी डोळे मिटून ते ऐकलं आणि मग विचारलं, "सामान कुठे आहे आपलं?"

हा हुंकार म्हणजे त्यांची लिहिण्याची पद्धत होती. एका कारखान्याच्या हिशेब विभागात ते नोकरीला होते. नव्वदीनंतर कारखाने माणसं कमी करायला लागले तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी बसले आणि किशोरांसाठी एक कादंबरी लिहायला लागले. 'झोपबाजार' असं तिचं नाव. कुठलंही प्रकरण ते आधी तोंडी सांगत आणि मगच कागदावर उतरवत. ऐकणाऱ्याचा हुंकार कुठे पातळ होतो, कुठे थांबतो, ते कान देऊन ऐकत आणि तेवढा मजकूर निर्दयपणे कापत. त्यामुळे त्यांना हुंकार देणारी माणसं सतत लागायची, आणि हुंकाराच्या बाबतीत ते फार चोखंदळ होते. माझ्या खोलीतला सोबती नागपूरकडचा, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारा. दुपारी तो पलंगावर आडवा होऊन झोपेतच ठरावीक अंतराने "हं, हं" करत राही. काका त्याला सरकारी हुंकार म्हणत. "अर्ज वाचला जात नाही, पण शिक्का बसतो," असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते आपण म्हणत आणि अहो म्हणत; मला "अहो विद्यार्थी", आणि खालच्या मजल्यावरचा ओम तेव्हा पाचवीत होता, त्यालाही "अहो ओम, आपली करंगळी नाकातून काढा."

कादंबरीची गोष्ट अशी. एका आटपाट नगराबाहेर टेकडीवर एक काचेची इमारत उभी राहते. तिथे लोकांची झोप विकत घेतात. आधी कुणी पंधरा मिनिटं विकतो, मग तासभर विकतो, आणि बदल्यात घरात फ्रीज येतो, मोटारसायकल येते. नगर कसं चकचकीत होतं. पण सगळी झोप विकून झालेली माणसं हळूहळू आपल्याच मुलांची नावं विसरायला लागतात. दहा वर्षांच्या सईचा मोठा भाऊ असाच एक दिवस तिला "आपण कोण?" असं विचारतो, आणि त्याची झोप परत आणायला सई एकटी टेकडीकडे निघते.

हे पुस्तक मुलांना भीतिदायक वाटलंच पाहिजे, असा काकांचा हट्ट होता. बाजारात मिळणारी बालसाहित्याची पुस्तकं ते आणून वाचत आणि दुःखी होत. एका पुस्तकात ससा सकाळी उठून दात घासतो, ते वाचून त्यांचा दिवस वाया गेला होता. म्हणाले, "मुलांना भीती कळते. दात घासणारा ससा त्यांना कळत नाही." टेकडीवरच्या त्या काचेच्या इमारतीच्या मालकिणीचं नाव ठरवताना त्यांनी सबंध इमारतीला वेठीला धरलं. राक्षसीण म्हटलं की मुलं हसत. चेटकीण म्हटलं तर ओमने विचारलं, म्हणजे टीव्हीवरची का? मग त्यांनी तिचं नाव नुसतंच 'मॅडम' ठेवलं. शाळेमुळे तो शब्द थोडा चालला. पण एकदा माझ्या सोबत्याने अर्धवट झोपेत सांगितलं की त्यांच्या कंपनीत कुणी कुणाला मॅडम म्हणत नाही, सगळ्यात मोठ्या बाईसुद्धा पहिल्या दिवशी हसून सांगतात की मला नावाने हाक मारा. काका उठून उभे राहिले. अंगावर काटा आलेला हात त्यांनी आम्हाला दाखवला. तेव्हापासून राक्षसीण झाली स्मिता. ती कुणावर ओरडत नाही, नखं वाढवत नाही. समोर आलेल्याला खुर्ची देते आणि म्हणते, "अहो, मला नुसतं स्मिता म्हणा." हे वाक्य काकांनी दर रविवारी दुपारी गोष्ट ऐकायला जमणाऱ्या मुलांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा एक मुलगी चप्पल तिथेच टाकून घरी पळाली. काकांनी ती चप्पल स्वतः पोचवली; त्या दिवशी त्यांच्याइतका आनंदी लेखक पुण्यात नसेल.

माहिती मिळवायला ते कुठेही जात. वारज्याच्या पुढे बायपासला लागून काचेच्या इमारती तेव्हा नव्यानेच उभ्या राहत होत्या. त्यांतली एक बघायला ते मला घेऊन पीएमटीने गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काय काम आहे विचारलं. काकांनी खरं ते सांगितलं, की राक्षसीण बघायची आहे. पहारेकरी बीडकडचा असावा. त्याने शांतपणे विचारलं, "अपॉइंटमेंट हाय का?" काका परत येताना बसमध्ये हे वाक्य घोळवत होते. ते कादंबरीत जसंच्या तसं आलं. कात्रजच्या सर्पोद्यानात तर ते एका अजगरासमोर सकाळपासून बसून राहिले होते. सापाला पापण्या नसतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि पापण्या नसलेला प्राणी झोपलाय की जागा आहे हे समोरच्याने कसं ओळखायचं, ते त्यांना बघायचं होतं. ओळखता येत नाही, असा निष्कर्ष घेऊन ते आले. मग स्मिताच्या पापण्या काढून टाकल्या.

याचे परिणाम इमारतीला भोगावे लागत. ओमची आई शाळेत शिक्षिका, बोलायला स्पष्ट. त्या एकदा वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काका, ओम आठवडाभर झोपत नाहीये. झोपलो तर कुणी विकत घेईल म्हणतो."

"त्यांना सांगा, झोपेत घेत नाहीत," काका म्हणाले. "जागेपणी विचारून घेतात."

"मग मी त्याला आता झोपवू की जागवू?"

"आपण शिक्षिका आहात. आपल्याला दोन्ही जमतं."

त्या हसल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी ओम पहिल्या रांगेत होता आणि त्याच्या मागे, जिन्याच्या पायरीवर, पोळ्यांचं पीठ हाताला तसंच असलेल्या त्या स्वतः उभ्या होत्या.

काकांच्या पत्नींना मी पाहिलं नाही. मी यायच्या दोन वर्षं आधीच त्या गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल मला जे कळलं ते ओमच्या आईकडून. त्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होत्या आणि जास्तीचा भत्ता मिळतो म्हणून वर्षानुवर्षं मागून रात्रपाळी घेत. काकांनी नोकरी सोडल्यावर तर घर त्यांच्यावरच चालायचं. सकाळी त्या परतत तेव्हा काका उठून ताजेतवाने लिहायला बसलेले असत. दिवसा पेठेतल्या आवाजात त्यांना धड झोप लागत नसे. घरात त्यांचा फोटो होता पण काका त्याच्याकडे बघून काही बोलताहेत, उसासा टाकताहेत, असं मी कधी पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ते जास्त बोलत.

कादंबरीचा शेवट त्यांनी फक्त मला ऐकवायचा ठरवला, कारण मुलांनी आधी ऐकला तर पुस्तक कोण वाचेल? कॉलेजला सुट्टी असलेली एक दुपार होती. सई काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पोचते. स्मिता तिला खुर्ची देते. भावाची झोप परत द्यायला तिची काहीच हरकत नसते. पण तिचा एक नियम असतो. कुणाचीही झोप परत गेली की तेवढं जागरण दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागतं. सई खिडकीपाशी बसते. खाली नगरात तिचा भाऊ पहिल्यांदा डोळे मिटतो. सई बसून राहते. ती अजून बसलेलीच आहे. संपलं.

मी काही बोललो नाही. काका थांबले, त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तरीही गप्प. त्यांनी चष्मा काढला, पुसला, "बरं," म्हणाले आणि आत गेले.

नंतरचे काही दिवस काका नीट नव्हते. दूधवाल्याला टोमणा नाही, कॅलेंडरशी भांडण नाही. मला वाटलं तब्येत बरी नसेल. मग ओमच्या आईने मला जिन्यात गाठलं. "अहो, काय केलंत तुम्ही काकांना? शेवट ऐकताना तुम्हाला कंटाळा आला म्हणे. पूर्ण कादंबरी रद्द करायची म्हणताहेत."

मी तसाच वर गेलो. काका गॅलरीत बसले होते. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, आणि घाईत माझी भाषा पार गावाकडची झाली. आमच्याकडे गोष्ट ऐकताना मंग म्हणतात, हो म्हणतात, ते खरं. पण गोष्टीत कुणाचं वाईट व्हायला लागलं, कुणी मरायला लागलं, की सगळे गप्प बसतात. लहानपणी मी अशा जागी चुकून "हो" म्हणालो तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला होता. वाईटाला हो म्हणायचं नसतं. हो म्हटलं की आपण त्यात सामील होतो. सईला तिथे बसवलं तेव्हा मला हो म्हणवेना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे गोष्ट लागली की तुम्ही गप्प होता."

"हो."

"आणि आम्ही कंटाळलो की गप्प होतो." मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मुलं? आमच्या इथली मुलं का गप्प होत असतील रे?"

मला एकेरीत बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. त्यांनी त्याच दिवशी ओमला बोलावून विचारलं. ओमने विचार करून सांगितलं की भीती वाटली की आवाज येत नाही. एवढी वर्षं जिथे जिथे मुलं गप्प झाली, तिथे तिथे काका कापत आले होते. जे सगळ्यात चांगलं होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं आणि जिथे मुलं सुखाने हं हं करत होती तेवढंच ठेवलं होतं. ते खूप हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि दुसऱ्या दिवसापासून कापलेलं सगळं आठवून आठवून परत लिहायला बसले. माझी परीक्षा जवळ आली होती तरी माझी सुटका नव्हती. आता त्यांना मी कुठे गप्प होतो ते बघायचं होतं.

कादंबरी पूर्ण झाल्यावर ते अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशकांकडे गेले. सोबत मी होतो. प्रकाशक सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा मागवला, पुस्तक आवडल्याचं मनापासून सांगितलं आणि म्हणाले, छापायला मी तयार आहे, फक्त शेवट बदला. सई घरी यायला पाहिजे. तिला अंथरुणात झोप लागलीय, आई तिच्या अंगावर पांघरूण घालतेय, असं काहीतरी करा. नाहीतर आईबाप पुस्तक विकत घेणार नाहीत. काका टेबलाशेजारच्या पुस्तकबांधणीच्या कापडाच्या ताग्यांकडे बघून म्हणाले, "पांघरूण आपणच घाला. आपल्याकडे कापड बरंच आहे." चहा तसाच राहिला.

परत येताना ते नदीकाठच्या रस्त्याने वळले. मी भीत भीत म्हणालो की काका, एक पान तर बदलायचं आहे, पुस्तक मुलांपर्यंत पोचेल. ते चालत राहिले आणि पुलाच्या कठड्याशी थांबून म्हणाले, "ही एवढी वर्षं जागली, म्हणून मी झोपलो. रोज व्यवस्थित, आठ तास. आता मी लिहू की तिलाही झोप मिळाली? कुठे मिळाली?" मग त्यांनीच विषय बदलला आणि कोपऱ्यावरच्या पाटीतली शुद्धलेखनाची चूक मला दाखवली.

पुस्तक तसंच पडून राहिलं. आणखी एका प्रकाशकांनीही तेच सांगितलं, तिसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही. काका रविवारी मुलांना ते तोंडीच सांगत राहिले, शेवट वगळून. माझी पदवी झाली आणि मला एम.एस्सी.साठी नागपूरला प्रवेश मिळाला. निघताना मी पायांवर वाकलो तर त्यांनी मला मध्येच धरलं आणि म्हणाले, तिकडच्या मेसमध्ये जेवताना गप्प राहू नका, स्वयंपाकीणबाईंना वाटेल जेवण लागलं. मी हसलो. तेव्हा ते बरेच वाळलेले दिसले होते, पण म्हाताऱ्या माणसांचं असं होतंच, असं मी मनाला सांगितलं. पहिलं वर्ष प्रयोगशाळा आणि शिकवण्या यांतच गेलं. दोनदा फोन केला तेव्हा ते बरे असल्याचं म्हणाले. फक्त अलीकडे झोप येत नाही अशी तक्रार होती, आणि ती त्यांनी सगळ्या तक्रारींसारखी हवामान खात्यावर घातली.

गेल्या महिन्यात होस्टेलच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. ओमची आई बोलत होत्या. काका गेले, म्हणाल्या. दहाबारा दिवस झाले होते; माझा नंबर शोधायला त्यांना तेवढे दिवस लागले. त्या आपल्या मायेने सांगत राहिल्या, कोण कोण आलं होतं, काकांच्या भाच्याने येऊन सगळं कसं नीट केलं. मग म्हणाल्या की काकांचं पुस्तक छापायला गेलंय, पहिल्याच प्रकाशकांनी घेतलं, आणि मुलगी शेवटी घरी जाते.

मला धक्का बसला. म्हातारपणी एकटं गाठून लोकांनी त्यांना वाकवलं, असंच मला वाटलं, आणि मी तसं बोलूनही गेलो. बाई म्हणाल्या, तसं नाही, ऐकून तर घ्या. वर्षभर काकांना झोप येत नव्हती. पहाटे ते गॅलरीत येरझाऱ्या घालत. एक दिवस सकाळी शाळेच्या वेळेला त्यांनी ओमला जिन्यात अडवलं, अहो ओम, सुचलं, म्हणाले, आणि त्याच्या दप्तरासकट त्याला वर नेऊन शेवट ऐकवला. सई खिडकीपाशी बसलेली असते. नियम तोच, स्मिता तीच. दार वाजतं आणि नगरातला एक म्हातारा आत येतो. फरशी गुळगुळीत म्हणून त्याने चपला हातात घेतल्यात. तो सईला म्हणतो, "उठा बाई. माझी बसायची जागा आहे ही. म्हाताऱ्याला तशीही झोप कुठे येते? आपण घरी जा." नियमाप्रमाणे एकाने जागायचं, एवढंच असतं, कुणी जागायचं, ते कुठे ठरलेलं नसतं. स्मिताला काही बोलता येत नाही. सई टेकडी उतरते, वाटेतच तिला जांभया यायला लागतात, आणि तिथे पुस्तक संपतं.

बाईंनी काकांना विचारलं होतं, की मग एवढी वर्षं प्रकाशकांशी भांडलात कशाला, हे आधीच का नाही लिहिलं? काका म्हणाले होते, "तेव्हा मला झोप लागत होती."

आणि गेले ते, बाई म्हणाल्या, झोपेतच.